तरणतलावात बाळाला अंगावर पाजलं तर चालेल का?

प्रश्न बडोद्याच्याच, मांजलपूरच्या एका आईचा आहे. मुलगी सात महिन्यांची, मोठा मुलगा पाच वर्षांचा. सुट्टीत मुलाला पोहायला शिकवायचं म्हणून सगळं घर सार्वजनिक तरणतलावाच्या संध्याकाळच्या फॅमिली बॅचला जातं. मागच्या आठवड्यात बाळ भुकेनं रडायला लागलं, तेव्हा या बाईंनी उथळ भागातल्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात बसूनच त्याला अंगावर घेतलं. शेजारच्या एक बेन म्हणाल्या, ‘अहीं नहीं, बेन, क्लोरीन छोकरीना पेटमां जशे.’ घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, गार पाण्यात बसून पाजलं की दूध गार होतं आणि मुलाला सर्दी धरते. नवरा म्हणतो, काही होत नाही. आता त्यांना विचारायचंय की क्लोरीन दुधात उतरतो का, दर वेळी छाती धुवायला हवी का, पाण्यातच पाजलं तर नेमकं काय बिघडतं, आणि दुधानं तलावाचं पाणी खराब होतं म्हणतात त्यात तथ्य आहे का.

आधी थोडक्यात सांगते. तलावावर पाजा, बिनधास्त पाजा. तलावात नको. तुमच्या दुधाला तिथं काहीही होत नाही. प्रश्न आहे तो बाळाच्या तोंडाभोवती, नाकाभोवती आणि अंगाभोवती असलेल्या पाण्याचा. सगळेजण दुधाबद्दल भांडतात आणि पाण्याकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लोरीनचं पहिल्यांदा. आपल्या घरच्या नळाच्या पाण्यातही तो असतोच, असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा असं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. नीट चालवलेल्या तलावात तो साधारण १ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास राखतात. आता स्तनावर, बोंडीवर पाण्याचा ओलावा राहतो तो किती? धरून चाला एक मिलिलिटर. त्यात ३ मिलिग्रॅमच्या हिशेबानं क्लोरीन येतो मिलिग्रॅमचा तीनशेवा भाग. शिवाय क्लोरीनचा स्वभावच असा की समोर त्वचा, घाम, दूध, लाळ काहीही सेंद्रिय आलं की तो तिथंच त्याच्याशी भिडून संपतो. दुधाच्या पहिल्या थेंबाबरोबर तोही गेला. त्वचेतून रक्तात आणि रक्तातून दुधात असा प्रवास क्लोरीन करत नाही. क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्यापासून तयार होणारी काही संयुगं पोहणाऱ्याच्या श्वासातून आणि त्वचेतून थोडीफार शरीरात जातात, पण ती बरीचशी श्वासावाटेच काही तासांत बाहेर पडतात. पोहून आल्यावर पहिलं दूध काढून टाकायचं, तासभर थांबायचं, असले सल्ले आया मला सांगतात तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणते की त्या दुधाची काळजी सोडा.

मग धुवायचं की नाही? साध्या पाण्याचा शॉवर घेतला तर उत्तम, नाही घेतला तर पिण्याच्या पाण्यानं ओला केलेला स्वच्छ रुमाल फिरवा. कारण विषाचं नाही, वासाचं आहे. बाळ आईला वासानं ओळखतं. क्लोरीनचा वास आला की काही बाळं तोंड फिरवतात, रडतात, आणि आईला वाटतं दूधच आटलं. साबण मात्र लावू नका. बोंडीभोवतीच्या काळ्या भागात ज्या बारीक पुळ्यांसारख्या ग्रंथी दिसतात, त्या तिथली कातडी मऊ ठेवतात. आधीच क्लोरीननं कोरडी पडलेली कातडी साबणानं तडकते आणि मग प्रत्येक पाजणं दुखतं. धुवायलाच हवं अशी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे सनस्क्रीन. छातीवर, गळ्यावर चोपडलेलं सनस्क्रीन किंवा डासांचं मलम बाळाच्या तोंडात जाऊ नये. तेवढं पुसून काढल्याशिवाय बाळाला पदराखाली घेऊ नका.

आता सासूबाई. दूध गार होतं हे त्यांचं म्हणणं बरोबर नाही. दूध शरीराच्या आत, शरीराच्या तापमानालाच असतं आणि थेट तिथून बाळाच्या तोंडात येतं. गार पाण्यात अंग आखडलं तर दुधाला पान्हा फुटायला जरा वेळ लागू शकतो, काही जणींची बोंडी गारठ्यानं पांढरी पडून ठणकते, पण येतं ते कोमटच. तरीही त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग मी उचलून धरेन. गारठतं ते दूध नव्हे, बाळ गारठतं. पाणी हवेच्या मानानं अंगातली उष्णता वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. सात महिन्यांच्या बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे उष्णता जायला दारं खूप आणि साठा थोडा. त्यात आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करणं लहान बाळाला नीट जमत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाणी ३२ अंशांच्या आसपास असावं असं सांगतात, आणि त्यापेक्षा मोठ्या बाळालाही पहिल्यांदा दहा मिनिटं, नंतर फार तर वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. आपले उघडे तलाव मे महिन्याच्या संध्याकाळी बरे कोमट असतात, पण मार्चमध्ये सकाळच्या पहिल्या बॅचला पाय घातला तर मोठ्यांनाही शहारा येतो.

पोहणारं बाळ हातपाय तरी हलवतं. पाण्यात बसून पिणारं बाळ स्थिर असतं. दहा-पंधरा मिनिटं अर्धं अंग पाण्यात, अर्धं वाऱ्यावर, आणि दूध पिता पिता डोळे मिटायला लागतात. आई म्हणते, शांत झालं. ते पोट भरून शांत झालं की गारठून, हे पाण्यात बसल्या बसल्या कळणं अवघड. ओठ निळसर, मांड्यांवर जाळीदार डाग, हात-पाय गार आणि बाळ नेहमीपेक्षा गप्प असेल, तर लगेच बाहेर काढा, कोरडं करा, उघड्या छातीशी घ्या आणि वरून दुपटं गुंडाळा. कानटोपी घाला. एरवी उन्हाळ्याच्या दिवसांत मी टोपड्याच्या विरोधात असते, पण तलावावर एक पिशवीत असू द्या.

यापेक्षा मोठी गोष्ट पाणी पोटात आणि नाकात जाण्याची. बाळ पितं कसं ते जवळून बघा. दोन-तीनदा ओढतं, गिळतं, नाकानं श्वास घेतं, पुन्हा ओढतं. नाक स्तनाला जवळजवळ टेकलेलं असतं आणि श्वासाची सगळी भिस्त त्याच्यावर. तुम्ही पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात बसला होता, म्हणजे आडव्या बाळाचा चेहरा पाण्यापासून वीतभर वर. तेवढ्यात कुणी तरी पोरगं शेजारी धप्पकन उडी मारतं. लाट येते, बाळ दचकतं, तोंडातून स्तन सुटतो आणि ते आ करून जोरात श्वास घेतं. नेमकं त्या क्षणी पाणी तोंडावर असतं. काठावरही बाळ दचकेल, पण तिथं हवाच आत जाईल.

थोडं पाणी गिळलं तर काय? बहुतेक वेळा काही नाही. क्लोरीन योग्य असेल तर जुलाब करणारे बरेच जंतू त्यात पटकन मरतात. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये ई. कोलाय मिनिटाच्या आत, काविळीचा अ विषाणू पंधरा-सोळा मिनिटांत, जिआर्डिया पाऊण तासात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, तो त्याच पाण्यात दहा दिवसांहून जास्त तग धरतो. एका बाळाला जुलाब होत असताना कुणी त्याला तलावात आणलं, तर पुढच्या आठवड्यातल्या बॅचची मुलं ते पाणी गिळतात. आणि हो, ‘पंधरा-सोळा मिनिटांत’ याचाच अर्थ असा की आत्ता कुणी पाण्यात घाण केली असेल आणि पुढच्या मिनिटाला तुमच्या बाळानं घोट घेतला, तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळालेला नसतो.

खूप पाणी गिळलं तर आणखी एक धोका. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं, बाळ सुस्तावतं, ओकतं, आकडीही येऊ शकते. बाळांच्या पोहण्याच्या वर्गांनंतर असं घडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. घोटभर पाण्यानं हे होत नाही. पुन्हा पुन्हा डुबक्या मारायला लावल्यानं होतं. काही कोच बाळाला बुडवून ‘बघा कसं श्वास धरतं’ दाखवतात. तसं करू देऊ नका. याच कारणासाठी, विषय निघालाच आहे तर, बडोद्याच्या मे महिन्यातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजू नये. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. आजी मंडळींना हे पटवणं हे माझ्या कामातलं सर्वांत चिवट काम आहे.

आता आपल्या शहरातल्या तलावांबद्दल, कारण पुस्तकातलं १ मिलिग्रॅम आणि आपल्या संध्याकाळच्या बॅचचं पाणी यात पुष्कळ अंतर पडू शकतं. उघड्या तलावात सकाळी औषध टाकतात. पाण्यात क्लोरीन टिकवणारा घटक नसेल तर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तो दोन तासांत बराचसा उडून जातो. दुपारभर तलाव बंद, ऊन कडक, आणि चार-पाच वाजता फॅमिली बॅच सुरू. त्याआधी पुन्हा मात्रा देऊन पाणी तपासलं नाही, तर सर्वांत लहान मुलं सर्वांत कमी क्लोरीनच्या पाण्यात उतरतात. उलट बॅच सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी बालदीभर ब्लीचिंग पावडर कोपऱ्यात ओतली असेल, तर त्या कोपऱ्यात डोळे चुरचुरतील. अशा वेळी तिथं बाळाला नेऊ नका, पाणी फिरून मिसळू द्या.

म्हणून विचारा. तलाव चालवणाऱ्याकडे तपासणीची छोटी पेटी असते: काचेची वा प्लास्टिकची बोटभर नळी, त्यात तलावाचं पाणी, वर औषधाचे चार-पाच थेंब. पाणी पिवळं होतं, आणि किती पिवळं ते शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून बघायचं. दुसऱ्या प्रकारात ते गुलाबी होतं. अजिबात रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही, गडद नारिंगी आला तर जरा जास्तच आहे. हे तुमच्यासमोर करून दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि पालिकेचा तलाव असो की क्लबचा, पैसे भरून आलेल्या माणसानं हे मागण्यात काही वावगं नाही. ‘सकाळीच टाकलंय’ हे उत्तर नव्हे. नळी मागा. बरोबरीनं आम्लतेचीही चौकशी करा, पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असेल तरच क्लोरीन नीट काम करतो.

नळी नसेल तर डोळे आणि नाक वापरा. सर्वांत खोल जागेच्या तळाची जाळी किंवा फरशीच्या रेघा काठावरून स्वच्छ दिसायला हव्यात. पाणी गढूळ असेल तर जंतू राहू द्या, तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. आणि वासाबद्दल बऱ्याच जणांचा समज उलटा असतो. तलावाचा तो नाकात जाणारा उग्र वास ‘भरपूर क्लोरीन, म्हणजे स्वच्छ’ असा नसतो. क्लोरीन लोकांच्या घामाशी, लघवीशी भिडून जे क्लोरामिन तयार होतं, त्याचा तो वास. चांगल्या पाण्याला वास अगदी थोडा असतो. बंदिस्त, छत असलेल्या तलावात हे क्लोरामिन पाण्याच्या पृष्ठभागालगत हवेत साचून राहतं, आणि पायरीवर बसून पाजताना बाळाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. खोकला, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर वर येऊन मोकळ्या हवेत बसा.

पालिकेच्या लालबाग, कारेलीबागसारख्या तलावांवर निदान कर्मचारी आणि नियम असतात. मला खरी धास्ती वाटते ती शनिवार-रविवारी भाड्यानं मिळणाऱ्या फार्महाऊसच्या तलावांची. सिंधरोट, भायलीकडे हल्ली गल्लोगल्ली झालेत. बोअरचं पाणी, निळ्या फरशा, दिव्यांची माळ, आणि फिल्टर कधी चालू असतो ते मालकालाही सांगता येत नाही. एकाच पाण्यात शनिवारी एक वरात, रविवारी दुसरी. केरळात २०२४-२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले; तो अमिबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात राहतो आणि नाकातून शिरतो. आजार अतिशय विरळा आहे, घाबरण्यासाठी सांगत नाही. पण जिथं क्लोरीनची खात्री नाही, तिथं बाळाला टबमध्ये आंघोळ घाला, तलावात नको. नर्मदेच्या कालव्यावर ‘जरा पाय बुडवायला’ बाळ घेऊन जाणाऱ्यांशी तर मी वाद घालायचंही सोडलंय. कालव्याच्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळं असतं, पाण्याला ओढ असते, आणि पट्टीचा पोहणाराही तिथून वर येऊ शकत नाही.

एक बाजूची गोष्ट. तलावावरून आलं, दोन दिवसांनी मुलाला उलट्या-जुलाब झाले, की दोष तलावाला. विचारत गेलं की कळतं, परतताना सगळ्यांनी सेव-उसळ खाल्ली, वर कच्चा कांदा, गाडीवरचंच पाणी. बडोद्यात राहून सेव-उसळ खाऊ नका म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. पण वरचं खायला लागलेल्या सात महिन्यांच्या बाळाला त्या तर्रीत बुडवलेलं पावाचं टोक चाखवू नका.

पाणी तुमच्या दुधानं खराब होतं का, हा तुमचा चौथा प्रश्न. नाही. तलावात लाखो लिटर पाणी असतं. त्यात सांडून सांडून दूध सांडणार चमचाभर, आणि क्लोरीन ते क्षणात जिरवतो. नाकं मुरडायचीच तर आंघोळ न करता उतरणाऱ्यांकडे बघून मुरडावीत: घाम, केसांचं तेल, अत्तर, आणि ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ती लघवी. दुधातून एचआयव्ही वगैरे तलावात पसरेल ही भीती निराधार आहे. तलावाच्या पाण्यातून एचआयव्हीची लागण होत नाही. तुमच्या बाळाकडून पाण्याला काही धोका असलाच, तर तो लंगोटातून. पोहण्याचे डायपर मिळतात, ते घट्ट शी थोडा वेळ अडवतात. लघवी अडवत नाहीत, पातळ शी तर मुळीच नाही. त्यामुळे दर अर्ध्या तासाला बाहेर काढून बघा, आणि डायपर तलावाच्या काठावर नाही, स्वच्छतागृहात बदला.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, ती तेलाची. आंघोळीआधी मालिश झालेली, अंगाला तेल जिरलेलं, अशा बाळाला तसंच तलावात आणतात. तेलानं पाण्यावर तवंग येतो ते एक, पण मुख्य म्हणजे ओलं, तेलकट बाळ हातातून सुळकन निसटतं. एका हातानं स्तन आधाराला धरलेला, दुसऱ्या हाताच्या कोपरात बाळ, पायाखाली गुळगुळीत पायरी. या अवस्थेत तुमचा पाय घसरला तर स्वतःला सावरायला तुमच्याकडे तिसरा हात नाही. तलावाच्या दिवशी मालिश संध्याकाळी घरी आल्यावर करा.

आणि आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याच्याबद्दल. तुमचा पाच वर्षांचा मुलगा तेव्हा कुठे होता? बाळ पाजताना आईची नजर खाली असते, असायलाच हवी. ती पंधरा मिनिटं मोठं मूल पाण्यात असेल, तर त्याच्याकडे बघणारं कोण आहे हे आधी ठरलेलं हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं-जातं, आणि ओरडायला हवा उरत नाही. बाजूला उभ्या माणसाला ते खेळतंय असंच वाटतं. पोहायला नुकतंच शिकू लागलेलं मूल तर जास्तच धोक्यात, कारण त्याला आणि घरच्यांनाही आत्मविश्वास आलेला असतो. ‘सगळे आहेत ना’ म्हणजे बहुतेक वेळा कुणीच नाही. म्हणून नवऱ्याला नाव घेऊन सांगा, ‘आता मी बाळाला घेतेय, याच्याकडे तू बघ,’ आणि त्यांनी फोन खिशात ठेवून, मुलगा हाताच्या अंतरावर राहील असं पाण्यात उभं राहायचं. ते बरोबर नसतील, तर मुलाला आधी पाण्याबाहेर काढून तुमच्या शेजारी बसवा, मग पाजा. तो कुरकुर करेल. करू द्या. जीवरक्षक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, पन्नास डोक्यांवर नजर ठेवणारा माणूस तुमच्या एका डोक्याचा जामीन होऊ शकत नाही.

तर पाजायचं कुठे? काठापासून चार पावलं दूर, सावलीत, खुर्चीवर किंवा भिंतीला पाठ टेकून. दोघांचेही ओले कपडे काढा. निदान बाळाचे तरी काढाच. पंचानं पुसा, कोरडं झबलं घाला, मग घ्या. खांद्यावरून ओढणी किंवा मोठा पंचा घेतलात की आडोसाही झाला आणि बाळाला ऊबही. आडोसा हवा की नको ते तुम्ही ठरवा. कुणी हटकलं, तर हे लक्षात असू द्या: फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्याला कमीपणाचं मानू नये असं स्पष्ट म्हटलंय, आणि सार्वजनिक इमारतींत त्यासाठी वेगळी जागा असावी या केंद्राच्या सूचनेकडे राज्यांचं लक्ष वेधलंय. तलावाच्या व्यवस्थापनानं ‘पाण्यात पाजू नका’ म्हणणं मला योग्य वाटतं. ‘इथं पाजूच नका, बाथरूममध्ये जा’ हे अजिबात योग्य नाही. तलावाचं बाथरूम ही त्या आवारातली सर्वांत घाण जागा असते; तिथं आपण स्वतः जेवत नाही, तर बाळानं का जेवावं? कपडे बदलायच्या खोलीत एक खुर्ची मागा. चार आयांनी मिळून मागितली तर मिळते.

तुमच्या स्वतःच्या अंगाचं थोडं. पोहण्यानं दूध कमी होत नाही, आंबट होत नाही. अगदी दमछाक होईपर्यंत व्यायाम केला तर दुधात लॅक्टिक आम्ल किंचित वाढतं, त्यानं बाळाला अपाय होत नाही. घट्ट पोहण्याचा पोशाख तासन्‌तास घालून बसणं मात्र टाळा. छाती दाबली जाऊन दुधाच्या गाठी होतात, आणि दुर्लक्ष केलं तर थंडी-ताप येऊन छाती लालभडक होते. ओला पोशाख तसाच अंगावर वाळवला की स्तनांखाली बुरशी धरते, आणि तीच बाळाच्या तोंडात पांढऱ्या चट्ट्यांच्या रूपानं दिसते. पाण्यात उतरण्याआधी एकदा पाजून घ्या. छाती हलकी होते, बाळही भुकेनं मध्येच रडत नाही. पण पाजल्यावर लगेच बाळाला पाण्यात नेऊ नका. ढेकर काढा, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर सगळं दूध पाण्यातच बाहेर येईल.

बाळाला ताप, जुलाब, डोळे आलेले, कान वाहत असेल तर तलाव बंद. तलावावरून आल्यावर पहिल्या काही तासांत सतत खोकला, धाप, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडणं, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात आणा, आणि पाणी तोंडात गेलं होतं हे आवर्जून सांगा. जुलाब मात्र त्याच दिवशी लागतील असं नाही, आठवड्यानंतरही लागू शकतात. तसं झालं तर ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्या, आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे बाळाला पाण्यात नेऊ नका, कारण तो क्रिप्टोस्पोरिडियम शीमधून तेवढे दिवस बाहेर पडत राहतो.